अंतराळ-वसाहतीची कथा आणि वाचकाचा तिसरा प्रश्न : डहाणू-तलासरीच्या इतिहासाच्या प्रकाशात

प्रस्तावना

पृथ्वी सोडून परक्या ग्रहावर वस्ती करणाऱ्या माणसांची कथा हा विज्ञानकथेतील एक जुना आणि लोकप्रिय प्रकार आहे. अशा कथेविषयी वाचक जे मत बनवतो ते बहुधा दोन प्रश्नांवर उभे असते. कथेतील विज्ञान खरे आहे काय, हा पहिला प्रश्न. ती कथा साहित्य म्हणून उभी राहते काय, हा दुसरा. मराठीत विज्ञानकथेची जी चर्चा झाली ती प्रामुख्याने याच दोन प्रश्नांभोवती फिरली. परंतु वसाहतीच्या कथेला आणखी एक प्रश्न विचारता येतो. वस्ती करणारे आले तेव्हा त्या भूमीवर आधी कोण होते आणि त्यांचे म्हणणे काय होते? प्रस्तुत निबंधात या तिसऱ्या प्रश्नाचा विचार पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांच्या इतिहासाच्या आधारे केला आहे. या भूमीवर बाहेरून आलेल्यांच्या वस्तीचे एकाहून अधिक प्रकार घडले आणि त्यांतील काहींची नोंद ग्रंथरूपाने उपलब्ध आहे. त्यामुळे कल्पित ग्रहावरील वसाहतीची कथा तपासण्यासाठी हा प्रदेश एक उत्तम कसोटी ठरतो.

मराठी विज्ञानकथा व वाचकाचे दोन प्रश्न

मराठी वाचकाला अंतराळप्रवासाची ओळख प्रथम अनुवादांतून झाली. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या 'केरळकोकिळ' मासिकातून ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कथा विसाव्या शतकाच्या आरंभी मराठीत आली. पुढे भा. रा. भागवत यांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मुलांसाठी मराठीत आणल्या. त्यांवर वाढलेल्या वाचकाला चंद्र हे साहसाचे स्थळ वाटत असे. तेथे कोणी राहत नसल्यामुळे जमिनीच्या मालकीचा प्रश्न उद्भवतच नव्हता.

1966 मध्ये मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली आणि परिषदेने विज्ञानकथा-स्पर्धांचा उपक्रम सुरू केला. 1974 मध्ये या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने आली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. लेखक जयंत विष्णु नारळीकर होते. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते टोपणनाव घेतले होते. 1975 मध्ये कऱ्हाड येथील मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात दुर्गा भागवत यांनी या नव्या कथेची आवर्जून दखल घेतली. लोकसंस्कृतीच्या व्यासंगी अभ्यासक असलेल्या दुर्गाबाईंचा हा अभिप्राय मराठी विज्ञानकथेच्या स्वीकाराच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. त्यानंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आदी लेखकांनी हा प्रवाह विस्तारला. लोंढे व चिंतामणी देशमुख यांनी 'देवांसि जिवे मारिले' ही कादंबरी मिळून लिहिली. सहलेखनाचा हा प्रयोग मराठीत विरळाच म्हणावा लागेल. 2021 मध्ये नाशिक येथील संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, तेव्हा विज्ञानकथा साहित्याच्या मुख्य दालनात पोहोचली असे म्हणता येते.

या साऱ्या वाटचालीत चर्चा राहिली ती विज्ञान आणि साहित्य यांच्या नात्याची. विज्ञानाचा अंश काढून घेतल्यास कथा कोसळली पाहिजे, ही कसोटी मराठी समीक्षेत वारंवार मांडली गेली. ती उपयुक्त आहे. मात्र वसाहतीच्या कथेत ती अपुरी पडते. अशा कथेत यान कसे चालते याबरोबरच ते कोठे उतरते यालाही महत्त्व असते.

तिसऱ्या प्रश्नाची मराठी परंपरा

हा तिसरा प्रश्न मराठीला परका नाही. 1873 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गुलामगिरी' या ग्रंथात जोतीराव फुले यांनी दशावतारांच्या कथांचे वाचन बाहेरून आलेल्यांच्या वसाहतीची कथा म्हणून केले. मत्स्य आणि कच्छ हे त्यांच्या मते जलमार्गाने आलेल्या टोळ्यांचे नायक होते. वामन हा भूमी बळकावणारा आणि बळी हा येथला न्यायी राजा. फुल्यांचा हा अर्थ ऐतिहासिक पुरावा म्हणून आजच्या संशोधनात जसाच्या तसा स्वीकारला जात नाही. तथापि त्यांची वाचनपद्धती मोलाची आहे. कथा ज्याने सांगितली त्याच्या बाजूने ती न वाचता, ज्याची जमीन गेली त्याच्या अंगणात उभे राहून ती वाचावी, हा त्या पद्धतीचा गाभा होय. दिवाळीच्या पाडव्याला 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' असे म्हणणाऱ्या समाजाला ही दृष्टी मुळातच ठाऊक होती.

विज्ञानकथेच्या पाश्चात्त्य परंपरेतही हा प्रश्न आरंभापासून आहे. एच. जी. वेल्स यांच्या 1898 मधील 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीत मंगळवासी पृथ्वीवर आक्रमण करतात. कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात वेल्स टास्मानियातील मूळ रहिवाशांचा युरोपीय वसाहतकारांनी केलेल्या संहाराची आठवण करून देतात. जे इंग्रजांनी दुसऱ्यांवर लादले तेच मंगळवासी इंग्रजांवर लादत आहेत, ही त्या कथेची मांडणी आहे. त्या रहिवाशांचा पूर्ण नायनाट झाला हा वेल्स यांचा समज मात्र चुकीचा होता. त्यांचे वंशज आजही टास्मानियात आहेत. मूळ रहिवासी नाहीसे झाले असे गृहीत धरण्याची ही चूक वसाहतीच्या कथेत पुढेही वारंवार आढळते.

डहाणू-तलासरी : आगमनाची पहिली कथा

डहाणू-तलासरीच्या परिसरात बाहेरून येऊन वस्ती करणाऱ्यांची सर्वांत प्रसिद्ध कथा पारशी समाजाची आहे. ज्या संजाण येथे इराणमधून आलेले झरतुष्ट्रधर्मी उतरले ते गाव तलासरीच्या जवळच, आज गुजरातच्या हद्दीत आहे. इ.स. 1600 च्या सुमारास बहमन कैकोबाद यांनी रचलेल्या 'किस्सा-ए-संजाण' या फार्सी काव्यात ही हकीकत आहे. त्यानुसार जादी राणा या राजाने आश्रयासाठी अटी घातल्या. आपला धर्म समजावून सांगणे, येथील भाषा स्वीकारणे, स्त्रियांनी येथील वेश करणे, शस्त्रे ठेवून देणे आणि विवाह सायंकाळी करणे अशा त्या अटी होत. दुधात साखर विरघळल्याची लोकप्रिय आख्यायिका या काव्यात नाही. ती नंतर रूढ झाली. संजाणचा पाडाव झाल्यावर पवित्र अग्नी बारा वर्षे बाहरोटच्या डोंगरावर राखला गेला, असे हे काव्य सांगते. बाहरोटची लेणी डहाणू तालुक्यात घोलवडजवळ आहेत.

ही आगमनकथा विनंती आणि करार यांची आहे. येणाऱ्याने विचारले आणि यजमानाने अट घालून संमती दिली. वसाहतीच्या कथांत हे क्वचित आढळते. तरीही तिसरा प्रश्न येथेही उरतो. काव्यानुसार आश्रितांना मिळालेली जागा ओसाड व जंगलाने व्यापलेली होती आणि त्यांनी ती वसवली. जंगल म्हणजे रिकामी जागा, हे यात गृहीत आहे. संमती राजाने दिली. त्या रानात वावरणाऱ्यांना कोणी विचारले काय, याविषयी काव्य काही सांगत नाही.

आगमनाचा दुसरा प्रकार : कागदाने झालेली वसाहत

एकोणिसाव्या शतकात ठाणे जिल्हा ब्रिटिश अंमलाखाली आला, त्यानंतर या प्रदेशात वस्तीचा दुसरा प्रकार सुरू झाला. तो जहाजांनी आला नाही. सर्वेक्षण, नोंदवही आणि कर्जरोखा यांच्या वाटेने आला. वारली, कोकणा, धोडी, दुबळा, काथोडी आदी समाज येथे शेती व जंगल यांवर जगत होते. जमीन कसणे हाच त्यांच्या हक्काचा आधार होता. शेतसारा रोखीने भरण्याची सक्ती झाली आणि नोंदीला कसणुकीपेक्षा अधिक वजन आले. 1878 च्या वनकायद्याने जंगलावरील वावर नियंत्रित झाला. 1878 चा अबकारी कायदा आणि 1892 चा मोहफुलांविषयीचा कायदा यांनी घरगुती दारू गाळणे गुन्हा ठरवले. रोख पैशाची गरज वाढली, ती सावकाराने भागवली, आणि जमिनी निरनिराळ्या समाजांतील सावकार, व्यापारी व जमीनदार यांच्या नावे झाल्या. पूर्वीचा कसणारा त्याच जमिनीवर कूळ किंवा मजूर म्हणून राहिला.

याच काळात आणि पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इराणमधून आलेली झरतुष्ट्रधर्मी कुटुंबे डहाणू-घोलवड-बोर्डी पट्ट्यात स्थायिक झाली. त्यांच्यापैकी अनेकजण हालअपेष्टांना कंटाळून देश सोडून आले होते. त्यांनी व इतर बागायतदारांनी चिकूच्या बागा उभ्या केल्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. स्वतः विस्थापित असलेला माणूस दुसऱ्या भूमीवर मालक होऊ शकतो, ही वसाहतीच्या इतिहासातील गुंतागुंत येथे स्पष्ट दिसते. त्यामुळे येथील इतिहास केवळ दुष्ट परका आणि भोळा रहिवासी अशा सोप्या मांडणीत बसत नाही.

मुंबई प्रांताच्या सरकारने नेमलेले अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस प्रांतातील आदिवासींच्या स्थितीचा अहवाल सादर केला. वेठ आणि लग्नगडी या पद्धतींची त्यात नोंद आहे. लग्नासाठी थोडे कर्ज घेणारा तरुण पत्नीसह सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबत असे, हे लग्नगडीचे स्वरूप. पावसाळ्यातील खावटीचे धान्यही कर्ज वाढवीत असे. सरकारी अहवालात दुःखाची नोंद झाली, परंतु बोलणारा तेथेही अधिकारीच होता.

1945 : रहिवाशाचा आवाज

23 मे 1945 रोजी झरी येथे वारल्यांची परिषद भरली. किसान सभेच्या वतीने शामराव व गोदावरी परुळेकर यांनी तिची उभारणी केली होती. वेठ न करणे, लग्नगडी मुक्त करणे आणि मजुरीवाचून काम न करणे हे निर्णय या चळवळीने अमलात आणले. पुढे गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह 5 जणांचा मृत्यू झाला.

या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात लिहिली. तो 1970 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. पुण्यात वाढलेली, कायद्याची पदवीधर स्त्री या ग्रंथाची लेखिका आहे. ज्यांच्या जीवनाविषयी ग्रंथ आहे त्यांपैकी बहुतेकांना तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हते. अनुभव एकाचा आणि लेखणी दुसऱ्याची, अशा या ग्रंथाला व्यापक अर्थाने सहलेखन म्हणता येईल. मात्र मुखपृष्ठावर नाव एकाचेच येते, ही त्या सहलेखनाची मर्यादा होय.

येथे एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. 'जेव्हा माणूस जागा होतो' आणि नारळीकरांच्या पहिल्या कथा यांत अवघ्या काही वर्षांचे अंतर आहे. त्याच दशकात डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांची चित्रे कागदावर येऊन बाहेरच्या जगाला दिसू लागली. वारली भूमीविषयीची नोंद आणि परग्रहाविषयीची कल्पना एकाच काळात मराठी वाचकापुढे होती. पण वाचनाच्या या दोन कप्प्यांमध्ये दार उघडले गेले नाही.

सहलेखनातील दोन वसाहतमालिका

हे दार उघडण्यासाठी इंग्रजीतील दोन सहलेखित मालिका उपयोगी पडतात. लॅरी निव्हन, जेरी पूर्नेल व स्टीव्हन बार्न्स या तिघांनी लिहिलेली 'द लेगसी ऑफ हिओरॉट' ही कादंबरी 1987 मध्ये आली आणि तिचे पुढील भाग 1995 व 2020 मध्ये. अॅव्हलॉन या ग्रहावरील एका बेटावर माणसे वस्ती करतात. तेथील 'ग्रेंडेल' हा हिंस्र प्राणी त्यांच्यावर हल्ला करतो. माणसे त्यांचा निःपात करतात, आणि मग ध्यानात येते की ज्या माशांवर आपण ताव मारत होतो ती ग्रेंडेलचीच पिले आहेत. मोठे प्राणी मेल्यामुळे ती पिले वाढून संकट कैकपटींनी परत येते. परक्या भूमीचे ज्ञान नसताना तिच्यावर हात टाकण्याचा परिणाम ही कादंबरी परिणामकारकपणे दाखवते. पण येथला मूळ रहिवासी पशू आहे. त्याच्याशी बोलणे, करार करणे किंवा त्याची संमती घेणे संभवतच नाही.

दुसरी मालिका 'द एक्सपान्स' ही होय. डॅनियल एब्राहम व टाय फ्रँक यांनी जेम्स एस. ए. कोरी या एकाच टोपणनावाने 2011 ते 2021 या काळात तिच्या 9 कादंबऱ्या लिहिल्या. 2015 ते 2022 या काळात तिच्यावर दूरचित्रवाणी मालिकाही आली. जागतिक विज्ञानकथा संमेलनाच्या सभासदांच्या मतांनी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार 2020 मध्ये सर्वोत्कृष्ट मालिका म्हणून तिला मिळाला. वाचकांच्या पसंतीची ही ठळक पावती होय. लघुग्रहपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या खाणकाम करणारे, हवा-पाण्यासाठीही दुसऱ्यांवर अवलंबून असलेले 'बेल्टर' हे मजूर तिच्या केंद्रस्थानी आहेत.

मालिकेतील चौथी कादंबरी 'सिबोला बर्न' (2014) प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. निर्वासित बेल्टर एका नव्या ग्रहावर उतरून खाणकाम सुरू करतात आणि त्याला 'इलस' म्हणतात. मागाहून एक कंपनी पृथ्वीवरील सत्तेची सनद घेऊन येते. तिच्या लेखी त्याच ग्रहाचे नाव 'न्यू टेरा' आहे. एकाकडे कसणूक आहे, दुसऱ्याकडे कागद. कंपनीबरोबर आलेल्या शास्त्रज्ञांचीही बाजू आहे. वस्तीमुळे अस्पर्शित जीवसृष्टी दूषित होते, असे त्यांचे म्हणणे आहे.

या संघर्षात वाचकाची सहानुभूती कोठे जावी? सनद मानणारा वाचक कंपनीकडे झुकेल, आधी आलेल्यांचा हक्क मानणारा बेल्टरांकडे, आणि निसर्गाचा विचार करणारा शास्त्रज्ञांकडे. डहाणू-तलासरीच्या इतिहासाशी परिचित वाचकाला सनद आणि कसणूक यांतील हा झगडा लगेच ओळखीचा वाटेल. निर्वासितच जमीन व्यापतात ही गुंतागुंतही त्याने पाहिलेली आहे. परंतु त्याला एक उणीवही जाणवेल. त्या ग्रहावर पूर्वी ज्यांनी अवशेष निर्माण केले ते केव्हाच नाहीसे झालेले आहेत. म्हणजे 'आधी आलेले' येथे बेल्टरच ठरतात. पहिल्या मालिकेत मूळ रहिवासी पशू आहे आणि दुसऱ्या मालिकेत तो अनुपस्थित आहे. दोन्हींत तो बोलत नाही. कथा एका लेखकाची असो वा तिघांची, लिहिणारे सारे जेव्हा उतरणाऱ्यांच्या बाजूचे असतात तेव्हा ही उणीव राहते.

तिसरा प्रश्न व वर्तमान

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याखालील 2008 च्या नियमांनी दाव्याच्या पुराव्यांत गावातील वडीलधाऱ्यांच्या लेखी नोंदवलेल्या निवेदनाला स्थान दिले. ज्या भूमीवर कागदाने कसणूक हरवली तेथे वृद्धाची तोंडी हकीकत पुन्हा पुरावा ठरू शकते, हा मोठा बदल होय. 1991 मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित झाला आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार त्यासाठी प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळले. 30 ऑगस्ट 2024 रोजी डहाणूच्या किनाऱ्यावरील वाढवण बंदराच्या कामाची पायाभरणी झाली. मच्छीमार व आदिवासी यांचा या बंदराला दीर्घकाळ विरोध राहिला आहे. नव्याने येणारा काय आणतो याची चर्चा अशा वेळी विपुल होते. आधीपासून असलेला काय म्हणतो याची नोंद ठेवण्याची सवय मात्र समाजाला लावून घ्यावी लागते, आणि ती सवय वाचनातूनही लागू शकते.

निष्कर्ष

पहिली गोष्ट, मराठीत विज्ञानकथेच्या स्वीकाराची चर्चा विज्ञान व साहित्य या दोन कसोट्यांवर झाली. वसाहतीच्या कथेसाठी भूमी व संमती ही तिसरी कसोटी आवश्यक आहे. दुसरी, ही कसोटी परकी नाही; 1873 मध्ये फुल्यांनी ती वापरली आणि 1898 मध्ये वेल्स यांनी ती विज्ञानकथेत आणली. तिसरी, डहाणू-तलासरीचा इतिहास संमतीने झालेली वस्ती, कागदाने झालेली वसाहत आणि रहिवाशाचा प्रतिकार ही तिन्ही रूपे दाखवतो, आणि त्यांतील कोणतेही रूप एकरंगी नाही. चौथी, सहलेखनाने कथेला एकाहून अधिक दृष्टी मिळतात, पण ज्याच्या भूमीवर कथा घडते तो सहलेखक नसेल तर ती दृष्टी अपुरीच राहते. 1945 मध्ये झरीच्या परिषदेला आलेल्या वारल्यांनी आपली हकीकत तोंडी सांगितली आणि ती दुसऱ्याने लिहिली. आज त्यांची नातवंडे-पतवंडे या तालुक्यांतील शाळा-महाविद्यालयांत शिकत आहेत. परग्रहावर उतरणाऱ्या यानाची कथा त्या ग्रहावरून सांगणारा मराठी लेखक त्यांच्यातून पुढे आल्यास विज्ञानकथेतील ही उणीव भरून निघण्यास आरंभ होईल.